मुंबईच्या जीवसृष्टीची नोंदवही

मुंबई म्हटले की गिरण्या, गोदी, कचेऱ्या, लोकलगाड्या आणि उंच इमारती डोळ्यांपुढे येतात. या महानगराला एक जीवसृष्टी आहे, आणि ती शहरापेक्षा कितीतरी जुनी आहे, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. तथापि, शहरातील स्थळांची नावेच तिची साक्ष देतात. वडाळा वडाची, ताडदेव ताडाची, उंबरखाडी उंबराची, तर बोरीवली बोरींची आठवण जतन करून आहे. कुर्ला हे नाव खाडीतील कुर्लीवरून, म्हणजे खेकड्यावरून पडले असे सांगितले जाते. ज्या झाडांनी व प्राण्यांनी वस्त्यांना नावे दिली, त्यांपैकी किती आज तेथे शिल्लक आहेत, याचे उत्तर देण्यासाठी पद्धतशीर नोंद लागते. अशी नोंद ठेवणे हे आता केवळ हौशी अभ्यासकांचे काम राहिलेले नाही. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये ती प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी झाली आहे. मुंबईचा अनुभव त्यामुळे किनाऱ्यावरील लहान नगरपालिकांना व ग्रामपंचायतींनाही उपयुक्त ठरणारा आहे.

दीडशे वर्षांहून अधिक परंपरा

मुंबईच्या वनस्पतींची पहिली छापील सूची १८३९ साली प्रसिद्ध झाली. टपाल खात्यातील अधिकारी जॉन ग्रॅहॅम हे तिचे कर्ते होत. सूचीची छपाई पूर्ण होण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले व उरलेले काम त्यांचे सहकारी जोसेफ निम्मो यांनी तडीस नेले. १८६१ मध्ये डाल्झेल व गिब्सन यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ आला. थिओडोर कुक यांचा विस्तृत ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. वनस्पती ओळखण्यासाठी अभ्यासक आजही त्याचा आधार घेतात.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ निसर्गप्रेमींनी मुंबईत एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे. संस्थेचे नियतकालिक १८८६ पासून प्रसिद्ध होत आले आहे. १९११ मध्ये संस्थेने हाती घेतलेले सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण आणि डॉ. सलीम अली यांचे पक्षिविषयक कार्य यांमुळे मुंबई हे देशातील प्राणिशास्त्रीय अभ्यासाचे एक प्रमुख केंद्र बनले. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रहालयात वाळवलेल्या वनस्पतींचे हजारो नमुने जतन केलेले आहेत. अशा नमुन्यावर वनस्पती कोठे, केव्हा व कोणी गोळा केली याची चिठ्ठी असते. एखादे झुडूप शंभर वर्षांपूर्वी ज्या टेकडीवर वाढत होते तेथे आज ते नसेल, तर त्याचा पुरावा अशा चिठ्ठीतच सापडतो.

एका शहरात अनेक प्रदेश

मुळात मुंबई म्हणजे सात बेटांचा समूह. मधल्या खाड्या भरून काढून ही बेटे जोडण्यात आली, आणि पुढे उत्तरेकडील साष्टी बेटाचा बराचसा भाग महानगरात समाविष्ट झाला. या घडणीमुळे जंगल, गोड्या पाण्याचे तलाव, खाजणे, चिखलाचे पट्टे, खडकाळ किनारा आणि वाळूच्या चौपाट्या एवढे वेगवेगळे अधिवास एकाच महानगराच्या हद्दीत किंवा तिला लागून आढळतात. त्यामुळे एकाच प्रकारच्या सर्वेक्षणाने येथील नोंद पुरी होऊ शकत नाही.

उत्तरेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेले असून विहार व तुळशी हे तलाव त्याच्या परिसरात आहेत. ऐन, साग, कळंब, पळस, पांगारा, काटेसावर, बहावा, करवंद ही येथील ओळखीची झाडेझुडपे होत. डोंगरउतारावरील कारवी साधारणतः आठ वर्षांतून एकदा एकाच वेळी फुलते. २००८, २०१६ आणि २०२४ या वर्षी तिचा असा बहर येऊन गेला. उद्यानातील व त्याच्या भोवतालच्या बिबट्यांची गणना २०१५ मध्ये स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साह्याने करण्यात आली, तेव्हा ३५ बिबटे वेगवेगळे ओळखता आले. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची रचना निराळी असते. त्यामुळे छायाचित्रांची तुलना करून एकच प्राणी दोनदा मोजला जाणे टाळता येते.

पूर्वेस ठाण्याची खाडी आहे. शिवडीपासून ऐरोलीपर्यंतच्या चिखलाच्या पट्ट्यांवर गेली सुमारे तीन दशके हजारोंच्या संख्येने रोहित पक्षी उतरतात. पक्षिनिरीक्षकांनी वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदींमुळे या खाडीचे महत्त्व सिद्ध झाले. २०१५ मध्ये तिचा सुमारे १,६९० हेक्टरांचा भाग रोहित पक्षी अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आला, आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ प्रदेशाचा दर्जा मिळाला.

खाड्यांच्या काठी खारफुटीची वने आहेत. तिवर, कांदळ, चिपी, काजळा, मारांडी ही त्यांतील प्रमुख नावे. पांढऱ्या चिपीला महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये राज्य कांदळवृक्ष म्हणून घोषित केले. अनेक मासे, कोळंबी व खेकडे यांच्या पिलांची वाढ या मुळांच्या आश्रयाने होते. चिखलावर उड्या मारणारे निवटे आणि खारफुटीत वावरणारे कोल्हे हेही याच सृष्टीचे रहिवासी आहेत. पश्चिमेकडे हाजी अली, वरळी, जुहू, खारदांडा अशा ठिकाणी ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या खडकांवर समुद्रफुले, स्पंज, शंख, खेकडे आणि क्वचित प्रवाळही दिसतात. गजबजलेल्या रस्त्यापासून काही पावलांवर असलेल्या या जीवसृष्टीकडे फार काळ दुर्लक्ष झाले होते. २०१७ पासून नागरिकांचा एक गट अभ्यासकांच्या मार्गदर्शनाखाली तिच्या नियमित नोंदी ठेवू लागला आहे.

‘मूळची’ जात कोणती?

सूची करताना पहिला प्रश्न उभा राहतो तो असा, की अमुक वनस्पती वा प्राणी येथला मूळचा कशावरून? मनुष्याच्या मदतीवाचून जी जात त्या प्रदेशात निर्माण झाली किंवा पोहोचली, तिला मूळची किंवा देशी जात म्हणतात. मनुष्याने आणलेली ती परकी. परकी जात लागवडीशिवाय आपोआप वाढू व पसरू लागली, की ती स्थिरावली असे समजतात. आणि पसरताना ती इतर जातींचा जीव कोंडू लागली, तर तिला आक्रमक म्हणतात.

ही विभागणी वरवर सोपी वाटली तरी नेहमीच्या समजुतींना ती धक्का देते. रस्त्यांवर सावली धरणारा पर्जन्यवृक्ष अमेरिकेतून आला आणि गुलमोहर मादागास्करमधून. ज्या चिंचेने चिंचपोकळीला नाव दिले ती चिंचदेखील मूळची आफ्रिकेची. ती इतक्या प्राचीन काळी भारतात आली की आपल्या स्वयंपाकाशी व म्हणींशी ती एकजीव झाली. तेव्हा परकी म्हणजे त्याज्य असा अर्थ नाही. जुन्या चिंचेवर पक्षी घरटी करतात, तिच्या सावलीत बाजार भरतात. मात्र घाणेरी, रानमोडी, गाजरगवत आणि जलपर्णी यांची गोष्ट निराळी आहे. जंगलाच्या मोकळ्या जागा, पडीक जमिनी आणि तलाव व्यापून त्या मूळच्या जातींना हुसकावतात.

बंदराच्या शहराला आणखी एक धोका संभवतो. माल उतरवून रिकामी झालेली जहाजे तोल राखण्यासाठी समुद्राचे पाणी भरून घेतात व दुसऱ्या बंदरात ते सोडून देतात. त्या पाण्याबरोबर सूक्ष्म जीव, अंडी व डिंभ यांचा प्रवास होतो. काही जीव जहाजांच्या तळाला चिकटूनही येतात. मध्य अमेरिकेकडील एक लहान शिंपली अशा प्रकारे मुंबई व विशाखापट्टणम् येथील बंदरांत स्थिरावली आहे. २००० सालापासून या प्रश्नासंबंधी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने राबवलेल्या कार्यक्रमात जगातील सहा बंदरे निवडण्यात आली होती, त्यांत मुंबईचा समावेश होता. बंदरात मूळचे काय आहे याची यादी हाताशी असेल, तरच नवागत ओळखू येतो.

वृक्षगणना आणि जैविक सूची यांतील भेदही येथे ध्यानात घेतला पाहिजे. वृक्षसंरक्षणाच्या १९७५ च्या अधिनियमान्वये नागरी क्षेत्रात ठरावीक काळाने वृक्षगणना करावयाची असते. मुंबईतील गेल्या दशकातील गणनेत २९ लाखांहून अधिक वृक्ष नोंदले गेले. पण ही गणना देशी-परदेशी सर्व वृक्षांची असते. गवत, वेली, झुडपे, पावसाळी रोपे व प्राणी तिच्या कक्षेत येत नाहीत. वृक्षांची संख्या वाढूनही मूळच्या जाती कमी झालेल्या असू शकतात. हा फरक केवळ आकड्यांवरून कळत नाही.

नावांचा गोंधळ व त्यावरील उपाय

दुसरी अडचण नावांची. चाफ्याचेच उदाहरण घ्यावे. सोनचाफा भारतातला. देवळांच्या आवारातील पांढरा चाफा अमेरिकेतून आलेला. हिरवा चाफा आणि नागचाफा हे दोन्ही आणखी वेगळ्या कुळांतील. नोंदवहीत नुसते ‘चाफा’ असे लिहिले तर त्यावरून काहीच निष्पन्न होत नाही. याउलट एकाच वनस्पतीला प्रदेशपरत्वे निरनिराळी नावे असतात. कोकणात ज्याला टाकळा म्हणतात तोच विदर्भात तरोटा. म्हणून प्रत्येक जातीपुढे तिचे शास्त्रीय नाव लिहावे लागते. नवीन संशोधनानुसार शास्त्रीय नावेही अधूनमधून बदलतात. यासाठी नमुना किंवा स्पष्ट छायाचित्र जपून ठेवणे महत्त्वाचे असते. नाव बदलले तरी पुरावा कायम राहतो.

परंतु शास्त्रीय नाव लिहिले म्हणून स्थानिक नाव गाळून चालणार नाही. कोळीवाड्यातील वृद्ध स्त्री बोंबील, मांदेली, जवळा, निवटी, चिंबोरी, तिसऱ्या, कालवे अशी नावे सांगते, तेव्हा प्रत्येक नावामागे तो जीव कोठे मिळतो, कोणत्या महिन्यात मिळतो, उधाणाला मिळतो की भांगाला, आणि पूर्वीच्या मानाने आता किती मिळतो, हे सारे ज्ञान उभे असते. राष्ट्रीय उद्यान व आरे परिसरातील पाड्यांवरील वारली कुटुंबांना पहिल्या पावसानंतर शेवळे, कुर्डू, टाकळा यांसारख्या रानभाज्या कोठे उगवतात हे ठाऊक असते. ही माहिती ग्रंथांत फारशी आलेली नाही. सांगणारी पिढी मागे सरली की ती कायमची नाहीशी होईल. जंगल पुन्हा वाढवता येते, पण विसरलेले ज्ञान पुन्हा उगवत नाही.

नोंदीमुळे काय साधते?

कागदावरील नोंदीचे मोल अडचणीच्या वेळी कळते. खारफुटीच्या तोडीबाबत मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये अंतरिम आदेश देऊन तोडीस व खारफुटीपासून ५० मीटरपर्यंतच्या बांधकामास मनाई केली. त्या आदेशाची अंमलबजावणी करावयाची तर खारफुटी नेमकी कोणत्या भूमापन क्रमांकात आहे, हे सांगणारे नकाशे आवश्यक होते. उपग्रह छायाचित्रे आणि महसुली अभिलेख यांची सांगड घालून हे काम पुढे नेण्यात आले. शासकीय जमिनीवरील खारफुटी टप्प्याटप्प्याने वन म्हणून अधिसूचित झाली. २०१२ मध्ये राज्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन करण्यात आला, आणि २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने या संरक्षणाला अंतिम निर्णयाने दुजोरा दिला. ज्या वनाची नोंद नाही ते अभिलेखाच्या दृष्टीने ‘पडीक जागा’ ठरते, हा या प्रकरणातून मिळणारा धडा होय.

सागरी किनारा मार्गाच्या कामाच्या वेळीही असाच प्रश्न आला. हाजी अली व वरळी येथील खडकांवर प्रवाळ असल्याचे निदर्शनास आले. वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली प्रवाळांना संरक्षण असल्याने आवश्यक ती परवानगी घेऊन २०२० मध्ये त्यांचे स्थलांतर करावे लागले. स्थलांतर हा मूळ अधिवासाला पर्याय नव्हे, हे खरे. तरीही नोंद झाली नसती तर हा विचारही झाला नसता.

याचे ग्रामीण उदाहरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीचे आहे. तेथील हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळील कुंडात आढळलेल्या लहानशा माशाचे शास्त्रीय वर्णन २०२० मध्ये नवीन जात म्हणून प्रसिद्ध झाले, आणि २०२१ मध्ये शासनाने ते ठिकाण जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. एका लहान कुंडातील बोटभर मासा नोंदला गेल्यामुळे त्या कुंडाला कायद्याचे छत्र लाभले.

लोक जैवविविधता नोंदवही

२००२ च्या अधिनियमातील कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने आपल्या क्षेत्रात जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असते. लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे या समितीचे प्रमुख कार्य. डॉ. माधव गाडगीळ यांनी सहकाऱ्यांसह या नोंदवहीची कल्पना आधीपासून प्रत्यक्षात उतरवून पाहिली होती. चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने तिचा नमुना निश्चित केला असून महाराष्ट्रात नागपूर येथील राज्य जैवविविधता मंडळ समित्यांना मार्गदर्शन करते. समितीच्या क्षेत्रातील जैविक संपत्तीच्या वापराबाबत निर्णय घेताना प्राधिकरणाने व मंडळाने समितीचा सल्ला घ्यावा, अशीही तरतूद आहे. नोंदवही जितकी भक्कम, तितका हा सल्ला वजनदार ठरेल.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये समित्या व नोंदवह्या पूर्ण करण्यासाठी मुदत घातली आणि विलंब करणाऱ्या राज्यांना दरमहा दहा लाख रुपये भरावे लागतील असे बजावले. त्यानंतर नोंदवह्यांची संख्या झपाट्याने वाढली. मात्र संख्या आणि गुणवत्ता या एक नव्हेत. शेजारच्या गावाची यादी नाव बदलून उतरवली, तर कपाटात एक बाड वाढेल, गावाच्या हाती काही लागणार नाही. किनाऱ्यावरील गावाच्या नोंदवहीत खारफुटी व शिंपले यांची नावेच नसतील, तर उद्या तेथे भराव पडू लागला असता ग्रामसभेने कशाच्या आधारे बोलावे?

नोंद कशी करावी?

नोंदवही एका महिन्यात पुरी होत नाही. पावसाळी रोपे जूनमध्ये उगवतात व दिवाळीपूर्वी दिसेनाशी होतात. स्थलांतरित पक्षी हिवाळ्यात येतात. किनाऱ्यावरील जीव पाहण्यासाठी अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी ओहोटी साधावी लागते. म्हणून निदान एक संपूर्ण वर्ष, सर्व ऋतूंत, तीच ठिकाणे पुनःपुन्हा पाहणे आवश्यक आहे. त्यानंतरही वही मिटवून ठेवावयाची नाही. दरवर्षी तिच्यात भर पडली पाहिजे.

प्रत्येक नोंदीत काही गोष्टी अवश्य असाव्यात. स्थानिक नाव, दिनांक, नेमके ठिकाण, अधिवास, अंदाजे संख्या, पाहणाऱ्याचे नाव आणि शक्य तर छायाचित्र. ओळख पटली नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. तर्काने घातलेले नाव हे कोऱ्या रकान्यापेक्षा अधिक घातक असते. शोधूनही एखादी जात आढळली नाही, तर तीही नोंद करावी. पुढील पिढीला ऱ्हासाचा काळ त्यावरूनच ठरवता येईल. दुर्मीळ जातींची नेमकी स्थाने व औषधी उपयोगांची पारंपरिक माहिती मात्र सर्रास उघड करू नये. ती ज्यांनी सांगितली त्यांची संमती घ्यावी, आणि तिचा व्यापारी लाभ कोणी परस्पर उठवणार नाही याची समितीने दक्षता घ्यावी.

या कामात शिक्षकांना विशेष स्थान आहे. शाळेच्या आवारातील, मार्गावरील व जवळच्या ओढ्याकाठच्या वनस्पतींची यादी विद्यार्थी वर्षभरात सहज करू शकतात. घरातील आजी-आजोबांकडून नावे विचारून आणणे हा तर भाषेचा आणि विज्ञानाचा एकत्र पाठ होय. जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र विभागांकडून नावांची खातरजमा करून घेता येते. अधिकाऱ्यांनी रस्ता, इमारत वा बंधारा यांचे आराखडे करण्यापूर्वी ही नोंदवही मागवून पाहण्याचा प्रघात पाडला, तर तिच्यासाठी घेतलेले श्रम सार्थकी लागतील. वृक्षारोपणासाठी रोपे निवडतानाही तिचा उपयोग आहे. त्या मातीत पूर्वापार वाढणाऱ्या झाडांची नावे तीत आयतीच मिळतात.

ग्रॅहॅम यांच्या सूचीनंतरच्या काळात मुंबईच्या खाड्या बुजल्या, टेकड्या सपाट झाल्या आणि वस्ती अनेक पटींनी वाढली. तरीही बिबट्या, कोल्हा, रोहित पक्षी आणि कारवी या शहराच्या हद्दीत टिकून आहेत. यांतील काय राहिले व काय गेले हे आज सांगता येते, ते कोणीतरी त्या त्या काळी लिहून ठेवले म्हणूनच. किनाऱ्यावरील अनेक गावे आज मुंबईच्या मार्गाने शहरांत रूपांतरित होत आहेत. मुंबईची सूची बहुतांशी भराव पडून गेल्यानंतर पुरी होत गेली. या गावांना ती भराव पडण्यापूर्वी करण्याची संधी अजून आहे, आणि ती साधणे त्यांच्या ग्रामसभांच्या, शाळांच्या व समित्यांच्या हाती आहे.